हजेरी

वही माझ्याकडे असते.
पहिल्या पानावर आवळे वडिलांच्या अक्षरात
मंडळीचं नाव, आणि खाली सत्तेचाळीस माणसं,
खाण चालू होती तेव्हाची.
वडील म्हणजे माझे बाप नव्हेत.
मंडळीने हात वर करून निवडलेले वडील,
आयुष्यभर वेळग्याच्या काट्यावर
ट्रक भरलेला किती, रिकामा किती
एवढंच बघत आले.

आजची हजेरी नऊ.
लोंढे काकूंच्या मांडीवरचं बाळ धरलं तर.

घंटा म्हणजे ट्रकच्या पाट्याचा तुकडा,
तारेने आंब्याला टांगलेला.
जयवंत वाजवतो. नवाला पाच कमी असताना एकदा,
मग नवाला पुन्हा,
कुणी वाटेत असेल म्हणून.
वाट इथून सगळी दिसते. लाल, मोकळी.

काल रात्री मी काळ्या मनुका उकळल्या,
फडक्यातून गाळल्या.
कुंपणापलीकडे गावकरांची काजूची भट्टी पेटलेली,
उर्राकाचा वास थेट आमच्या पातेल्यावर.
एस्तेरबाई म्हणाल्या, झाकण ठेव गं,
देव समजून घेईल,
प्रेसबिटरी नाही घ्यायची.

पाव बॉस्त्यांवकडचा.
सायकल टेकवून दर महिन्याला तो तेच विचारतो,
"तुमचो पात्रॉन कोण?"
पात्रॉन नाही म्हटलं की खरोखर हळहळतो.
"मागीर फेस्त कशें करतात?"
आणि मोजून झाल्यावर एक उंडो वरून टाकतो,
पोरक्या घरी द्यावा तसा.

नऊ वीसला पाळकांचा फोन.
चोर्ल्याच्या वळणावर कंटेनर आडवा,
बेळगावची बस पुढे नाही, मागे नाही.
मग रेंज गेली.

मेजावर पांढरं कापड,
कापडाखाली पेल्यांचे छोटे खांदे.
मनोरमाताईंनी हळूच विचारलं,
वडिलांनीच मोडली भाकर, तर?
"मला तो अधिकार नाही,"
काट्याच्या खिडकीतून सांगायचे तसंच सांगितलं,
वर न बघता.
कुणी वाद घातला नाही.
बाळाने घातला थोडा.

गीत झालं, शास्त्रपाठ झाला.
उपदेशाच्या वेळी ते उठले, माझ्याकडून वही घेतली
आणि पहिलं पान वाचू लागले.
शांतवन भोसेकर. मागून आवाज : मिरजेला, लेकीकडे.
सुलभा भोसेकर. तिथेच.
दाविद खरात. कुवेतला, क्रेनवर.
नथानिएल गायकवाड.
पंख्याचा आवाज.
त्यांची कबर आम्हीच खणलेली, पाऊस उघडल्यावर,
माती ओढून ओढून घेत होती फावडं.
वडील क्षणभर थांबले, चष्मा पुसला,
पुढच्या नावावर गेले.
सत्तेचाळिसावं नाव माझं होतं.
"आहे," मी म्हणाले. शाळेत म्हणतात तसं, फार मोठ्याने.

मग कापड काढलं.
पाव पावासारखा खाल्ला, चहात बुडवून.
मनुकांचा रस पोरांनी पेल्यांतून प्यायला,
पुन्हा पुन्हा भरून, ओठ काळे होईपर्यंत.
एस्तेरबाई आधी तोंड फिरवून बसल्या,
मग त्यांनीही एक पेला उजेडात धरला,
"गोड झालाय गं," म्हणाल्या, जरा तक्रारीनेच.

पाळक एक वाजता आले, रिक्षाने,
बाह्यांवर घाटाची धूळ.
सगळे पांगले होते. जयवंत झाडू मारत होता.
बॅग खाली न ठेवता त्यांनी विचारलं,
काही उरलंय का?
बॉस्त्यांवचा उंडो होता.
तो त्यांनी दारात उभ्यानेच खाल्ला,
डोळे मिटून, आभार मानायचे राहिले
हे अर्ध्यावर आठवून.

इतिवृत्तात लिहिलं :
प्रभुभोजन झाले नाही. कारण, वाहतूक.
नऊ खोडून दहा केले.
देणग्यांच्या रकान्यात
एक उंडो, बॉस्त्यांव पोदेर.
सत्राच्या सभेत कुणी विचारलं
तर तेव्हा बघू.